जंतूच्या कातडीतलं चाक

म्हाळसाबाईला औषध पाजायला शिकवील असा माणूस सांगोला तालुक्यात अजून जन्माला यायचा होता. तिच्या नवऱ्याचा, मायाप्पाचा, कळप मोठा. पावसाळ्याच्या तोंडावर जंताचं औषध द्यायचं झालं, की मायाप्पानं मेंढराचं तोंड धरायचं आणि हिनं बांबूच्या नळक्यानं औषध घशात सोडायचं. थेंब बाहेर पडत नसे, मेंढरू ठसकत नसे. पाजायचं तेही भल्या पहाटे, कळप चरायला सुटायच्या आधी, अनशापोटी. पोटात चारा असला की औषध चाऱ्यात मुरतं आणि जंत मजेत राहतात, असं तिच्या सासूनं सांगून ठेवलं होतं. सासूचा शब्द तिनं उभ्या जन्मात खोटा पडलेला पाहिला नव्हता.

त्यामुळे सून आजारी पडली तेव्हा म्हाळसाबाई घाबरली असली, तरी औषधाच्या बाबतीत ती निर्धास्त होती. ही सोनम म्हणजे बिभीषणाची, तिच्या एकुलत्या एका लेकाची, बायको. दोन्ही काखांत दोन कोकरं घेऊन ओढा ओलांडणारी, आणि हसली की पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघेल अशी. म्हाळसाबाईला पोटची लेक नव्हती. सोनम घरात आली आणि ती उणीव कधी भरून निघाली हे दोघींनाही कळलं नाही. अशी पोर खोकता खोकता वाळत गेली. तपासणीत टीबी निघाला, आणि तोही साधा नव्हे. नेहमीच्या गोळ्यांना भीक न घालणारा.

सोलापुरात आधी दवाखान्यात ठेवून नवीन गोळ्या सुरू झाल्या. मग रोजची ये-जा नको म्हणून सोलापुरातच शेळगीत एक खोली भाड्यानं घेतली आणि सासू-सुना तिथं राहिल्या. बिभीषण अकलूजला दूध डेअरीत कामाला होता, तो सुट्टी मिळेल तसा येई. मायाप्पा मेंढरं सोडून येणार कुठं? तो फोनवर नुसता "बरी हाय का पोरगी?" एवढंच विचारी.

टीबीच्या सेंटरवर संघप्रिया नावाची मुलगी होती. जंतूंच्या शास्त्रात पदवी घेतलेली, स्कूटीवरून पेशंटच्या घरोघर फिरणारी. तिनं गोळ्यांचं पाकीट हातात देताना सगळं समजावून सांगितलं होतं. यातली पांढरी गोळी सोमवार, बुधवार, शुक्रवार, बाकीच्या रोज, आणि सगळ्या पोटभर जेवल्यावर. म्हाळसाबाईनं मान डोलावली. मनात म्हणाली, शिकलेली पोर आहे, पण औषधाचं हिला काय कळणार? आणि घरी आल्यावर तिनं पहाटेच सोनमला उठवून सगळ्या गोळ्या अनशापोटी द्यायला सुरुवात केली.

त्यातून सोमवारची तऱ्हा आणखी निराळी. सोनमचा आजार कळला त्या दिवशी म्हाळसाबाईनं महादेवाला बोलून ठेवलं होतं: पोरगी बरी होईपर्यंत दर सोमवारी दिवस मावळेस्तोवर सोनमच्या तोंडात अन्नाचा कण जाणार नाही. त्यामुळे सोमवारची पांढरी गोळी सिद्धेश्वराच्या देवळातून आणलेल्या तीर्थाबरोबर रिकाम्या पोटात जायची, आणि पोट संध्याकाळपर्यंत रिकामंच राहायचं. देव आणि दवा दोन्ही एका घोटात, याहून पक्की बांधणी कुठली, असं म्हाळसाबाईला वाटत होतं. आपल्या हुशारीवर ती मनातल्या मनात खूष होती.

दर महिन्याला सोनमची थुंकी तपासायला जायची. प्रयोगशाळेत ती रुजत घालतात. जिवंत जंतू असले तर उगवतात, नसले तर नाही. पहिल्या महिन्यात उगवले. त्याला कुणी काही म्हटलं नाही, सुरुवात होती. पुढच्या महिन्याच्या थुंकीतही उगवले, तेव्हा मात्र संघप्रिया निरोप न देता सकाळीच शेळगीच्या खोलीवर आली. नेमका सोमवार होता. सोनम भिंतीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"गोळी घेतलीस?" संघप्रियानं मास्क सारखा करत विचारलं.

"व्हय की. मघाशीच."

"काय खाऊन?"

सोनमनं सासूकडं बघितलं. सासूनं अभिमानानं सांगितलं, "खाऊन न्हाय, म्याडम. अनशापोटी. आमी मेंढरास्नीबी आसंच पाजतो, म्हून एक जंत ऱ्हात न्हाय. आन् आज तर तिचा सोमवार हाय."

संघप्रिया खालीच बसली. ओरडावं असं तिच्या तोंडापर्यंत आलं असणार, कारण तिनं दोनदा श्वास घेतला. मग म्हणाली, "मावशी, मेंढराचे जंत कुठं असतात?"

"पोटात."

"बरोबर. म्हणून पोट रिकामं ठेवून पाजायचं. पण हिचे जंतू छातीत आहेत. गोळीला पोटातून रक्तात उतरायचंय आणि रक्तातून छातीपर्यंत जायचंय. ही पांढरी गोळी तेलातुपात विरघळणारी आहे. पोटात जेवण असलं तरच ती नीट उतरते. अनशापोटी घेतली की निम्मी फुकट जाते."

म्हाळसाबाईचा हात कपाळावर गेला. "म्हंजी इतकं दिस...?"

"इतके दिवस तिला निम्मंच औषध मिळालंय. आणि निम्म्या औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होतो. एकदा का तो ह्या गोळीला शहाणा झाला, तर माझ्याकडं तिच्यानंतर द्यायला दुसरं फार काही उरत नाही. आज नवीन थुंकी देऊन ठेवा. पण खरी महत्त्वाची थुंकी एक महिन्यानंतरची. तोवर एकही गोळी रिकाम्या पोटी जाता कामा नये."

बाहेर घरमालकिणीचं तेलुगूतून कुणाशी तरी चाललेलं भांडण तेवढं ऐकू येत होतं. आपल्याच हातानं आपण पोरीला मारत होतो, हे म्हाळसाबाईला कळलं. तिला रडू आलं नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि जे तोंडात आलं ते तिनं विचारलं.

"ही गोळी त्या जंतूला करती तरी काय?"

हा प्रश्न संघप्रियाला सहसा कुणी विचारत नसे. लोक विचारत, कधी बरं वाटेल, केस गळतील का, शेजाऱ्यांना कळेल का. तिचा चेहरा मास्कमागूनही उजळलेला दिसला. तिनं फोन काढला आणि एक चित्रफीत लावून म्हाळसाबाईच्या पुढं धरली.

"बघा. जंतूला पातळ कातडी असते. त्या कातडीत हे असं चाक बसलेलं असतं."

"चाक?"

"खरोखरचं चाक, मावशी. खाली हे दात्यांचं वर्तुळ, मधे दांडा, वर हे डोकं. जंतू खातो, खाल्लेलं जाळतो, आणि त्या जोरावर अगदी बारीक कण कातडीच्या बाहेर ढकलून तिथं त्यांची गर्दी करून ठेवतो. त्या कणांना परत आत यायचं असतं, आणि वाट असते ती ह्या चाकाला लागून असलेल्या फटीतनं. येताना प्रत्येक कण चाकाला ढकलून पुढं नेतो."

"सांजच्याला मेंढरं वाघरीच्या तोंडातनं आत घुसत्यात तसं?" वाघर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायचं जाळं.

"अगदी तसं. चाक फिरलं की दांडा फिरतो, आणि वरच्या डोक्यातनं शक्तीच्या पुड्या बाहेर पडतात. त्या पुड्यांवर जंतू जगतो, वाढतो. आणि आपली पांढरी गोळी जाऊन बसते ती इथं, दात्यांच्या मधे."

"पाचर," म्हाळसाबाई म्हणाली.

"हो, पाचरच. चाक थांबतं. जंतू लगेच मरत नाही, साठवलेल्या पुड्यांवर काही दिवस काढतो. पण पाचर हलली नाही तर शेवटी संपतो."

चित्रफितीतलं चाक फिरत होतं. म्हाळसाबाई डोळे बारीक करून बघत राहिली. "क्येवढं आसंल त्ये?"

"तुमच्या एका केसाच्या जाडीवर अशी हजारो चाकं ओळीनं बसतील."

"आन् त्ये फिरतंय? मनचं सांगत न्हाईस न्हवं?"

"जपानातल्या शास्त्रज्ञांनी अशाच एका दुसऱ्या जंतूच्या चाकाच्या दांड्याला बारीक धागा चिकटवला, शेपटीसारखा, आणि तो गरगरताना भिंगाखाली डोळ्यांनी बघितला. एरवी डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्याचे कितीतरी फेरे होऊन जातात." संघप्रिया थांबली. पुढचं सांगावं की नको असं तिला वाटलं असावं, पण तिला राहवलं नाही. "आणि मावशी, हेच चाक आपल्यातही आहे. तुमच्यात, माझ्यात, सोनममध्ये. तुमच्या मेंढरांत. बाभळीच्या पानात. दात्यांची घडण तेवढी थोडी वेगळी. म्हणून गोळी जंतूचं चाक धरते आणि आपलं सोडून देते."

म्हाळसाबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. तोच हात, भेगा पडलेला, मनगटावर गोंदलेला. तो उताणा करून बघितला, परत पालथा केला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"ह्ये कुणी केलं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

संघप्रियाच्या घरी देव नव्हते. तिच्या घरात बुद्धाची तसबीर होती, आणि कशामुळे काय होतं ते आधी शोधावं, अशी तिच्या आईची, शालनची, शिकवण होती. ती खरं तेच बोलली. "कुणी केलं नाही, मावशी. होत होत झालं. कोट्यवधी वर्षं लागली."

म्हाळसाबाई म्हणाली, "कुणी केलं न्हाय आन् तरीबी झालं? मग तर आजूनच नवल की गं."

संघप्रिया हसली आणि जाताना पुन्हा बजावून गेली: तेल, तूप, शेंगदाणे, अंडी, जे मानवेल ते, पण पोटभर, आणि मग गोळी.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई रिक्षानं नव्या पेठेत गेली. शेंगदाणे, तूप आणि ज्वारी घ्यायची होती. नवी पेठ तिला कधी आवडली नव्हती. माणसांची ही चेंगराचेंगरी, कुणाला कुणाचं काही नाही. आज मात्र ती कापडाच्या एका दुकानाच्या पायरीशी उभी राहिली ती हलेचना. समोरून साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेला हमाल गेला, त्याच्या पिंढऱ्या फुगलेल्या. एक पोरगी आईचा पदर ओढून फुग्यासाठी रडत होती. सोनार गल्ल्यावर बसून जांभई देत होता. आणि ह्या साऱ्यांच्या आत, त्या रडण्यात, त्या जांभईत, चाकं फिरत होती. मोजायला गेलं तर आकडे संपतील इतकी. कुणी चालू केली नाहीत, कुणाला ठाऊक नाहीत, आणि तरी एकही थांबत नाही म्हणून हा बाजार भरलेला आहे. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं मेंढरं राखली, मेंढराच्या उबेला पाठ लावून थंडीच्या रात्री काढल्या, आणि ती ऊब कुठून येते हे आज कळलं.

"ओ मावशी, गिऱ्हाइकाची वाट सोडा की," दुकानदार खेकसला. ती बाजूला झाली, पण रागावली नाही. रागावणाऱ्या माणसाकडंही ती कौतुकानं बघत राहिली. त्याला वाटलं, बाई भ्रमिष्ट आहे.

बुधवार झाला, शुक्रवार झाला. सोनम भाकरी, तेल घातलेली शेंगाची चटणी आणि वर तुपाचा भात खाऊन गोळी घेऊ लागली. यात अवघड काहीच नव्हतं. अवघड होता तो पुढचा सोमवार.

देवाला दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय, हे म्हाळसाबाईच्या घरानं एकदा भोगलं होतं. मायाप्पानं बिरोबाला बोकड बोलला होता आणि आज देऊ, उद्या देऊ करत वर्ष घालवलं होतं. त्या वर्षी लांडग्यानं वाघर तोडून बारकी कोकरं नेली. मायाप्पा आजही त्या जागेवरून जाताना चपला काढतो. आणि इथं तर बोकडाचा प्रश्न नव्हता, पोरीच्या जिवाचा होता. शब्द पाळावा तर पाचर ढिली पडते, शब्द मोडावा तर देव कोपतो. इकडं आड तिकडं विहीर.

सोमवारी उजाडताच सोनमच हटून बसली. "आत्या, मी न्हाय खायची. देवाचं मोडून मला बरं व्हायचं न्हाय. त्यांस्नी काय झालं तर?" त्यांस्नी म्हणजे बिभीषणाला. "बाकीचं दोन दिस जेवून घेत्येच की. येका दिसानं काय हुतंय?"

"संघप्रिया काय म्हनली? येकबी गोळी न्हाय."

"त्या देव मानत न्हाईत, आत्या. त्यांचं येगळं."

म्हाळसाबाई लुगडं झाडून उठली आणि सिद्धेश्वराच्या देवळाकडं निघाली. देवळाभोवतीचं तळं सकाळचं शांत होतं, कडेनं शेवाळ साचलेलं, पायऱ्यांवर लोक ओल्या पायांनी चाललेले. ती गाभाऱ्यापर्यंत गेली नाही. पायरीवरच बसली आणि तळ्याकडं बघत राहिली. त्या शेवाळात चाकं होती. पाण्यातल्या माशात होती. पायरीच्या फटीत उगवलेल्या पिंपळाच्या कोंबात होती, आणि पाण्यात न दिसणारे किती जंतू असतील त्यांच्यात होती. सगळ्यांची एकाच वेळी, आवाज न करता फिरत होती. तिचा ऊर भरून आला. इतकं मोठं काही आपल्या डोळ्यांपुढं सदोदित चाललेलं होतं आणि आपण त्याला एका सोमवारचं आमिष दाखवत होतो, याची तिला लाज वाटली.

तिनं हात जोडले. तिचं देवाशी बोलणं शेजारणीशी बोलल्यासारखंच असे. "द्येवा, ती पोर म्हनती चाकं तू केली न्हाईस. तू आन् ती, बघून घ्या. पर केली आसशील तर यवढं सगळं फिरवत ठिवनारा तू, एका पोरीच्या घासासाठी रुसनार व्हय? मला न्हाय पटत. आन् रुसायचंच आसंल तर माझ्यावर रुस. बोलले मी, तोंड तिचं बांधलं. चुकलं माझं. आजपास्नं सोमवार माझा. तिचा सोडला."

ती उठून रिक्षात बसली.

घरी येऊन तिनं भाकरी थापली, चुलीवरून उतरत्या भाकरीवर तूप ओतलं, चटणीत तेल कालवलं आणि ताट सोनमपुढं ठेवलं. "सोमवार मी घेतलाय. देवाला सांगून आल्ये. जेव."

"आन् त्यो कोपला म्हंजी?"

"कोपला तर माझ्यावर कोपंल. तसं ठरलंय आमचं."

सोनम ताटाकडं बघत बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेवटी म्हाळसाबाईनं स्वतः घास केला आणि तिच्या तोंडापुढं धरला, मेंढराचं तोंड उघडावं तशी हनुवटी दुसऱ्या हातानं धरून. सोनमला रडता रडता हसू फुटलं, आणि हसायला तोंड उघडलं तसा घास आत गेला. मग एक एक करत ताट रिकामं झालं. पांढरी गोळी पाण्याबरोबर खाली उतरली. म्हाळसाबाईनं दिवस मावळेपर्यंत पाण्यावर काढलं. दिवसभर तिचं लक्ष बिभीषणाच्या फोनकडं लागलेलं होतं. संध्याकाळी फोन आला. डेअरीत सगळं ठीक होतं, त्याला सर्दी झाली होती एवढंच. सर्दी ऐकून म्हाळसाबाईनं ताप आहे का, खोकला आहे का, हे तीनतीनदा विचारलं, पण ती सर्दीच निघाली.

महिना असाच गेला. सोनमच्या गालाचे खड्डे भरू लागले. महत्त्वाची ती थुंकी देऊन झाली आणि मग रुजण्याची वाट बघणं सुरू झालं. शेतकऱ्यानं पेरलेलं उगवावं म्हणून देव पाण्यात ठेवावेत, तर ह्या दोघी पेरलेलं उगवू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेल्या.

एका दुपारी संघप्रियाचा फोन आला. ती नेहमी हळू बोलणारी. आज तिचा आवाज सोनमलाही भिंतीपाशी ऐकू आला. "मावशी, काही नाही उगवलं! इतक्या आठवड्यांत एकसुद्धा नाही! गोळ्या अजून बंद करायच्या नाहीत, पुढच्या थुंक्याही बघायच्या, पण हे लई चांगलं झालं!"

सोनम ओरडली. कित्येक महिन्यांनी तिचं ते जुनं हसणं खोलीत घुमलं, आणि मालकीण काय झालं म्हणून दारात आली. म्हाळसाबाईनं सुनेला कवटाळलं, तिची दृष्ट काढून बोटं कडाकडा मोडली, मालकिणीला सांगितलं, बिभीषणाला सांगितलं, मायाप्पाला सांगितलं. पलीकडं मायाप्पाच्या मागं मेंढरं ओरडत होती, आणि तो रडत होता.

सगळं निवल्यावर सोनमनं बघितलं, तर सासू दारात उन्हात उभी होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तोंड देवाच्या तसबिरीकडं नव्हतं, मोकळ्या रस्त्याकडं होतं. जत्रेत बोकड देवाला द्यायच्या आधी घरची बाई त्याच्या पायावर पाणी घालते, तेव्हा जसा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झालेला होता.

"आत्या, हात कुणाला जोडताय? देव तर आत हाय."

म्हाळसाबाईनं डोळे उघडले नाहीत.

"त्या जंतूंस्नी. किती लाख चाकं थांबली आसतील गं तुझ्या छातीत. लई देखनी घडवलेली व्हती. थांबवाया नको वाटावं आशी." तिनं डोळे पुसले आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. "पर तू माझी हायेस."